घाटाच्या भिंतीवरचं वाक्य

देशावरच्या माणसाला कोकणात मास्तरकी मिळाली की घरचे आधी रडतात आणि मग विचारतात, बदली कधी होणार. माझंही तसंच झालं. देवळाली प्रवरेच्या अलीकडं, नदीकाठी आमचं गाव. उसाच्या सरीत लहानाची मोठी झालेली मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका समुद्रकाठच्या शाळेत हजर झाले आणि आपल्या जिल्ह्यात परत यायला मला अकरा वर्षं लागली. बदलीच्या अर्जांची फाईल माझ्या उशाशी असायची. बदलीचा अर्ज कसा लिहावा यावर मी आजही पुस्तक लिहू शकेन, आणि ते माझ्या समुद्रावरच्या पुस्तकापेक्षा जास्त खपेल.

शाळा सुटल्यावर करायचं काय, म्हणून मी खडकावर जाऊन बसायची. सुरुवातीला समुद्राचा मला रागच होता. जसं काही त्यानंच माझी बदली अडवून धरली होती. पण रोज एकाच्याच समोर बसलं की राग तरी किती दिवस टिकणार? मी वहीत लिहायला लागले. ओहोटीनंतर वाळूवर राहणाऱ्या रेघा, भरतीच्या आधी वाऱ्याला येणारा ओला वास, दुपारी तीनच्या उन्हात पाण्याला येणारा जस्ती रंग. एका वहीच्या पाच वह्या झाल्या. बदली झाली तेव्हा एस.टी.त बसून मी रडले आणि शेजारच्या बाईला वाटलं, माहेर सुटलं म्हणून रडते आहे.

लग्न गावातच झालं. पुढची वर्षं संसारात आणि तालुक्यातल्या शाळांमध्ये गेली. निवृत्त झाले, मुलाचं लग्न झालं, तो बायकोला घेऊन नोकरीच्या गावी गेला आणि घर एकदम मोठं वाटायला लागलं. तेव्हा मी वह्या बाहेर काढल्या. नगरच्या एका छापखान्यातून त्यांचं पुस्तक करून आणलं. प्रती आल्या त्या दिवशी आमच्या ह्यांनी गठ्ठ्यांकडं बघून विचारलं, "एवढे कोण वाचणार? इथं पाटाला पाणी आलं का एवढंच लोक विचारतात." त्यांचा हा स्वभावच आहे. मी काही केलं की ते आधी त्याचं काय होणार नाही ते सांगतात.

मी इरेला पेटले. त्या संक्रांतीला हळदीकुंकवाचं वाण म्हणून मी पुस्तकच वाटलं. बायकांचे चेहरे बघण्यासारखे होते. वाणाला वाटी नाहीतर डबा मिळतो, इथं हातात समुद्र! एक जण तर तोंडावर म्हणाली, "बाई, चहाची गाळणी दिली असती तर रोज तुमची आठवण आली असती." मला त्या दिवशी सगळ्यांचाच राग आला होता. उरलेला तिळगूळ मी एकटीनं खाल्ला.

पण उन्हाळी वाळवणं सुरू झाली आणि वेगळंच घडलं. आमच्याकडं चार-पाच घरच्या बायका एकत्र बसून पापड-कुरडया करतात. एकीनं पुस्तक आणलं आणि हात पिठाचे नसलेली जी असेल तिनं ते मोठ्यानं वाचायचं, असं ठरलं. पोथी ऐकायची सवय असलेल्या बायका त्या. एक लेख संपला की वाचणारी पुस्तक कपाळाला लावायची आणि मग बाकीच्याही पिठाचे हात लांबूनच जोडायच्या. पहिल्यांदा मला हसू आलं. दुसऱ्यांदा आलं नाही.

मे महिन्यात त्यांनी गाडी ठरवून समुद्र बघायला जायचं काढलं. आमच्या सरपंच पुढं होत्या. चाळिशीतली, बोलायला मोकळी, गावाच्या कामात स्वतः उभी राहणारी बाई. किनाऱ्यावर पोहोचलो तर वाळूत बाटल्या, वेफर्सची पाकिटं, काय काय पडलेलं. मग सरपंचबाईंनी पदर खोचला आणि म्हणाल्या, "बाईंच्या समुद्रात कुणी घाण केली ही?" तासाभरात त्यांनी तिथला पट्टा वेचून काढला. कुणी सांगितलं नव्हतं, फोटो काढायलाही कुणी नव्हतं. सात पोती भरली. आयुष्यभर फळ्यावर "पर्यावरण वाचवा" लिहून जे झालं नाही ते माझ्या पाच वह्यांनी केलं, असं मला वाटलं. खरंच तसं झालंही होतं. ते प्रेम मी डोळ्यांनी बघितलं आहे, आणि पुढं जे घडलं त्यामुळं ते खोटं ठरत नाही.

गावात नदीला नवा घाट बांधून झाला होता. त्याच्या लांबलचक भिंतीवर सुविचार हवा होता. सरपंचबाईंनी माझ्या पुस्तकातलं वाक्य निवडलं. बोर्ड रंगवणारा आला आणि त्यानं निळ्या ऑइलपेंटनं हातभर अक्षरांत लिहिलं: "समुद्र कुणालाही नाही म्हणत नाही. जे येईल ते पोटात घेतो आणि निर्मळ करतो." खाली माझं नाव, त्याखाली "सेवानिवृत्त शिक्षिका". अंगावर मूठभर मांस चढलं माझ्या. मी रोज सकाळी फिरायला म्हणून घाटावर जायची आणि वाचायची. आमचे हे म्हणाले, "स्वतःचंच वाक्य पाठ करायला एवढे दिवस लागतात का?"

आता इथं आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. घट बसायच्या आधी घर झाडून-पुसून, गोधड्या नदीवर धुवून आणायच्या असतात. त्याच फेरीत घरातले जुने देवही जातात. म्हणजे काच तडकलेले देवांचे फोटो, झिजलेली कॅलेंडरं, प्लायवूडचा मोडका देव्हारा, आणि सगळ्यात जास्त म्हणजे लग्नाच्या पत्रिका. प्रत्येक पत्रिकेवर गणपती असतो. गणपती घंटागाडीत कसा टाकणार? चुलीत कसा घालणार? म्हणून वर्षभराच्या पत्रिका पिशवीत साठतात आणि नदीत सोडतात. हल्लीच्या पत्रिकांना वरून प्लॅस्टिकचा पातळ थर असतो, त्या विरघळत नाहीत, पण ते बघायला कोण थांबतं?

आधी लोकांच्या मनात थोडी चलबिचल असायची. काही जण फोटो पिंपळाखाली ठेवून यायचे, काही जण नुसते कागद सोडून काच घरी न्यायचे. त्या वर्षी ही चलबिचल संपली. मी घाटावर होते. एक म्हातारी पिशवी घेऊन पायरीवर आली, भिंतीकडं वळली, कुणाकडून तरी ऐकून पाठ झालेलं माझं वाक्य तिनं हात जोडून म्हटलं आणि पिशवी उपडी केली. मग दुसरीनं केलं. मग म्हणायचीच पद्धत पडली. वाटलं, लिहिणाऱ्याला यापेक्षा काय हवं? मी घरी गेले, माळ्यावरून सासूबाईंच्या वेळचा देवीचा मोठा काचेचा फोटो काढला, मुलाच्या लग्नाच्या उरलेल्या पत्रिकांची पिशवी घेतली, आणि मीही माझंच वाक्य म्हणून सगळं सोडून दिलं. नदीला चांगलं पाणी होतं. दोन मिनिटांत सगळं दिसेनासं झालं आणि मला हलकं वाटलं.

आमच्याकडं बुधवारी आणि रविवारी मासेवाली येते. गावाच्या खाली बंधारा आहे, तिथं ती आणि तिचा नवरा मासे धरतात. चिलापी, रोहू, कधी नशिबानं मरळ. कोकणात जिभेला लागलेली सवय मी अजून सोडलेली नाही, त्यामुळं तिची-माझी जुनी ओळख. दिवाळीनंतर ती यायचीच बंद झाली. एक बुधवार गेला, रविवार गेला, परत बुधवार. मी चिडले. मसाला वाटून ठेवायचा आणि हिचा पत्ता नाही. फोन केला तर उचलेना. आता आली की चांगली झाडते, असं मी ह्यांना सांगून ठेवलं.

ती आली ती मोकळ्या हातानं. पाटी नव्हती, फक्त खताची एक गोणी घडी करून काखेत धरली होती. पायरीवर बसली आणि गोणीतून तिनं पत्रिका काढल्या. वाळवून, एकावर एक ठेवलेल्या.

"बाई, ह्या जरा वाचून दाखवा की. कुनाकुनाच्या हायेत?"

मला आधी कळलंच नाही. मी चष्मा लावून वाचायला लागले. शाई बऱ्यापैकी टिकली होती. पहिली आमच्या गल्लीतल्या घरची. दुसरी पलीकडच्या वस्तीवरची. तिसरी, चौथी. ती प्रत्येक नाव पुन्हा म्हणून लक्षात ठेवत होती. पाचवी उघडली आणि मी थांबले.

"काय झालं? पुसलंय का?"

"नाही गं. ही आमची आहे. मुलाच्या लग्नाची."

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. "व्हय का?" म्हणाली. "मंग तुमालाच आदी सांगते. मी घरोघर जाऊन, नदीत टाकू नका म्हनून हात जोडनार हाय. मालकांचा पाय जायला आलाय बाई."

मग तिनं सांगितलं. पावसाळा संपल्यावर बंधाऱ्याला फळ्या घालून पाणी अडवतात. फळ्या बसल्या आणि वरून आलेलं सगळं तिथंच साचलं. जाळं अडकलं म्हणून नवरा पाण्यात उतरला. खाली फोटोंच्या काचा.

"अंगठ्याखाली काच शिरली. शुगर हाय त्यांना, कळलंच न्हाई. दोन दिस तसंच पान्यात जात हुते. चप्पल लाल झाली तवा मी बघितलं." ती गोणीची घडी उलगडत आणि परत घालत होती. "अंगठा काढला. आता डाक्टर म्हनत्यात, जखम भरली तर ठीक. न्हाई भरली तर घोट्यापातुर काढावा लागंल."

मी तिला पाणी दिलं. आणि "फोन तरी उचलायचा गं" असं काहीतरी मूर्खासारखं बोलले. ती म्हणाली, "दवाखान्यात हुते बाई. काय सांगनार हुते, आज मासं न्हाईत म्हनून?"

त्याच दिवशी दुपारी मी तिच्याबरोबर बंधाऱ्यावर गेले. कोकणातली वर्षं सोडली तर आयुष्य या गावात गेलं, पण बंधाऱ्यावर उतरून मी कधी बघितलं नव्हतं. घाटापासून दीड-दोन किलोमीटर असेल. फळ्यांना लागून पाण्यावर सायीसारखा थर धरला होता. पत्रिका, प्लॅस्टिकचे हार, देव्हाऱ्याची फळकुटं, चौकटी. एका चौकटीत अर्धा देव होता. समुद्राकडं निघालेलं सगळं इथं येऊन थांबलं होतं.

उभं राहून मी पहिल्यांदाच विचार केला, की हे पाणी जातं तरी कुठं? भूगोल मी मुलांना शिकवला आहे. प्रवरा गोदावरीला मिळते, पुढं जायकवाडीचा नाथसागर, पुढं सगळा मराठवाडा, तेलंगण, आणि मग पूर्वेचा समुद्र. माझ्या वह्यांमधला समुद्र पश्चिमेचा. म्हणजे गावानं ज्याच्या नावानं हात जोडले तो समुद्र या पाण्याच्या वाटेतच नव्हता. आणि जो होता त्याच्या आधी हा बंधारा होता आणि बंधाऱ्यात हा माणूस होता. मी समुद्राला इतका मोठा, इतका क्षमाशील करून ठेवला की त्याच्यापुढं आमची नदी नुसती मोरी होऊन बसली. बायकांनी माझं लिहिणं मनावर घेतलं, त्यांचं काही चुकलं नाही. मीच त्यांना जे दाखवलं नाही ते त्यांनी कसं बघायचं?

मासेवालीचं घर बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला, दोन खोल्यांचं. तिचा नवरा बाजेवर पाय वर ठेवून बसला होता. बँडेजचा पाय. पन्नाशीचा माणूस, हसरा. मी माफी मागायला गेले होते आणि वाटेत वाक्यंही जुळवली होती. सवय जात नाही. पण मी तोंड उघडायच्या आधी तोच म्हणाला, "बाई, भितीवरचं तुमी लिवलंय म्हनं. हिनं सांगितलं. सगळं पुस्तकच हाय म्हनं समुद्राचं. मी काय बघितला न्हाई समुद्र. वाचून दाखवता का?"

पिशवीत पुस्तक होतं. माझ्या पिशवीत ते तेव्हा कायमच असायचं, लाज वाटते सांगायला. मी वाचलं. वर्गात हजारो वेळा प्रकट वाचन केलेली मी, त्या दिवशी ओळीवर बोट ठेवून वाचलं. भरतीचं वर्णन वाचलं, रात्री काजव्यासारख्या चमकणाऱ्या लाटांचं वाचलं, भिंतीवरचं वाक्य आलं तेव्हा गाळून पुढं जावंसं वाटलं, पण वाचलं. तो डोळे मिटून ऐकत होता. बायको उंबऱ्यात बसून जाळं शिवत होती.

"चांगलं हाय," तो म्हणाला. "लई चांगलं हाय. पान्याचा वास आला मला." मग त्यानं डोळे उघडले. "पर बाई, तितं मानूस न्हाई का कोन? त्या पान्यात कोन उतरत न्हाई?"

माझ्या डोळ्यांपुढं कोकणातल्या घरमालकिणीचा नवरा आला. रोज पहाटे होडी घेऊन जायचा. त्याच्या पायाला कायम काही ना काही लागलेलं असायचं आणि घरमालकीण हळद दाबत बडबडत असायची. अकरा वर्षं मी ते बघितलं. पाच वह्यांत तो कुठंच नाही. समुद्र सुंदर दिसायला मला मोकळा हवा होता. एखादा माणूस आला तर मी तो पुढं जाईपर्यंत पेन थांबवायची.

"उतरतात भाऊ," मी म्हणाले. "मी लिहिलं नाही."

"मंग लिवा की," तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. "तुमी लिवलं की बाया आयकत्यात. आता आमचं बी लिवा."

मी सरपंचबाईंकडं गेले आणि भिंतीवरचं वाक्य पुसून टाका म्हणाले. सगळं सांगितलं. मासेवालीच्या नवऱ्याच्या औषधपाण्याचं काय ते ग्रामपंचायतीतून बघते म्हणाल्या आणि त्यांनी बघितलंही. पण वाक्य पुसायला तयार होईनात. "अहो बाई, तुमचं वाक्य आहे म्हणून त्या भिंतीवर कुणी थुंकत नाही. बाकी भिंती बघा." मग म्हणाल्या, "आणि लोकांनी देव न्यायचे कुठं? घंटागाडीत? सांगा तुम्ही." त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पाहिजे तर खाली एक ओळ वाढवा, असं ठरलं.

ती एक ओळ लिहायला मला तीन आठवडे लागले. जे लिहीन ते एकतर गोड व्हायचं, नाहीतर सरकारी. एकदा नदीला आई केलं, मग स्वतःच खोडलं. आमच्या ह्यांना वाचून दाखवलं तर ते म्हणाले, "हे एस.टी.च्या पाठीमागं शोभेल." शेवटी अलंकार-बिलंकार सोडून दिला. बोर्डवाल्यानं जागा कमी म्हणून बारीक अक्षरांत लिहिलं: "खाली बंधाऱ्यावर माणसं पाण्यात उतरतात. काच टाकू नका." नाव घालू का विचारलं त्यानं. मी नको म्हणाले.

मासेवालीच्या नवऱ्याची जखम भरायला पुढचा उन्हाळा उजाडला. पाय वाचला. ती सांगायला आली तेव्हा मी तिला मिठीच मारली आणि तिच्या अंगाचा माशांचा वास दिवसभर माझ्या साडीला राहिला. पण डॉक्टरांनी त्याला पाण्यात पाय घालायचा नाही म्हणून बजावलं होतं. आता तो काठावर बसून जाळी विणतो आणि पाण्यात ती उतरते. तिलाही शुगर आहे का, हे तपासायला मी तिला दोनदा सांगितलं. "बघू" म्हणते.

पुन्हा घट बसायचे दिवस आले. मी सकाळपासून घाटावर जाऊन बसले, पक्कड आणि एक घमेलं घेऊन. फोटो माझ्याकडं द्या, काच-खिळे मी काढते, देवाचा कागद भिजवून आपण आंब्याच्या आळ्यात घालू, असं मी येईल तिला सांगत होते. दिवसभरात तिघींनी दिले. बाकीच्यांनी भिंतीवरची नवी ओळ वाचली, "बरं लिहिलंय बाई" म्हणाल्या, वरचं वाक्य म्हटलं आणि पिशव्या सोडल्या. एक जण मला समजावत म्हणाली, "काच काढली की देव उघडा पडतो हो. पाण्यात सोडलं की मनाला बरं वाटतं." गेल्या वर्षी मलाही बरंच वाटलं होतं. घमेलं जवळ ओढून मी नुसती चिडचिडत बसले. बारीक अक्षरांवर चिडले, स्वतःवर चिडले, कोकणातल्या त्या खडकावरसुद्धा चिडले.

दुपार कलायला लागली तेव्हा सरपंचबाई आल्या. हातात मोठी पिशवी, तिच्यातून फोटोच्या चौकटींची टोकं वर आलेली. त्यांच्या घरी देव्हारा नवा केला होता. त्यांनी माझ्याकडं बघून जरा ओशाळं हसून मान हलवली, म्हणजे यंदा एवढं असू द्या. भिंतीकडं वळून हात जोडले आणि म्हणायला लागल्या, "समुद्र कुणालाही..."

मासेवाली तेव्हा पाण्यातच होती. बंधाऱ्याला अजून फळ्या बसायच्या होत्या, खाली पाणी साठलं नव्हतं, म्हणून ती जाळं घेऊन वर घाटापर्यंत आली होती. कंबरभर पाण्यात, आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. तिनं वर बघितलं. पिशवी बघितली.

"टाका ताई, टाका," ती मोकळेपणानं म्हणाली. "जरा थांबा फकस्त. मी बाजूला व्हते."

तिनं जाळं गोळा केलं आणि पाठ फिरवून निघाली. तिचं ते चालणं मी कधी विसरणार नाही. एक पाय पुढं टाकायची, तळाला चाचपून बघायची, जरा भार द्यायची, मग दुसरा. प्रत्येक पावलाला तसंच. पाणी गढूळ होतं, खाली काय आहे ते तिलाही दिसत नव्हतं आणि आम्हालाही. घाटावर गोधड्या आपटणाऱ्या बायका थांबल्या. ती पलीकडं झुडपांपाशी जाऊन, आमच्याकडं पाठ करूनच उभी राहिली. आम्हाला संकोच वाटू नये म्हणून असेल.

सरपंचबाईंचे हात जोडलेलेच होते. वाक्य अर्ध्यावर राहिलं होतं. त्यांनी पिशवी उचलली, छातीशी धरली आणि माझ्याशेजारी पायरीवर येऊन बसल्या. मी पक्कड पुढं केली. ती त्यांनी घेतली, पण हात नुसता तसाच राहिला.

"टाकलं का ताई?" तिकडून तिनं विचारलं. अजून पाठच होती. "येऊ का मी?"

सरपंचबाईंनी डोळे पुसले. "नाही टाकलं गं," त्या म्हणाल्या. "ये तू."